ताई गायची थांबली

आमच्या गावातलं मेथडिस्ट चर्च शिवणवाल्या मावशींच्या पुढच्या खोलीत सुरू झालं. दर रविवारी सकाळी त्या आणि त्यांची थोरली बहीण शिलाई मशीन भिंतीकडे सरकवायच्या, टाचण्या झाडून काढायच्या, सतरंजी अंथरायच्या. माणसं सातच. पेटी नाही, वाजवणारं कुणी नाही. गीत सुरू करायला सगळे कचरायचे; सुरुवात थोरलीच करायची. तिला सगळे ताई म्हणत. आवाज खणखणीत, सुराशी मात्र उभं वैर. पण तिच्या आडोशाने बाकीचे न लाजता गायचे. एकदा शेजारचा लोहार धावत आला, "कुणाला मारताय की काय?" आणि तिथेच बसला तो कायमचा.

नऊ वर्षांत माणसं सत्तर झाली. बाजारामागे दगडी चर्च उभं राहिलं. नव्या चर्चच्या समर्पणाला बिशप येणार होते. गायनाची जबाबदारी मावशींवर. महिनाभर तालमी झाल्या. शेवटच्या तालमीनंतर त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

"ताई, उद्या तू नुसते ओठ हलव ना. मोठे पाहुणे आहेत."

ताईने हातातली गीतांची पुस्तकं बाकावर नीट रचली. "बरं," म्हणाली.

गाणं झकास झालं. बिशपांनी तोंड भरून कौतुक केलं. मावशींचे पाय जमिनीवर नव्हते.

पुढच्या रविवारी ताई गायली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"अगं, ते त्या दिवसापुरतं होतं," मावशी म्हणाल्या.

"असू दे गं. छान चाललंय तुमचं."

ती रुसली नाही, बोलणं तोडलं नाही, एकही रविवार चुकवला नाही. त्यामुळे मावशींचं माफी मागायचं राहूनच गेलं. चर्चला गॅलरी झाली, मागे बालवाडी निघाली, चाळीस जणांचा गायकवृंद झाला. अकरा वर्षं ताई तिसऱ्या बाकावर गप्प बसली.

मग तिला न्यूमोनिया झाला. चर्चच्या पाळकांच्या बायकोने खाटेपाशी गीत धरलं, मावशी विनवत होत्या, "ताई, तूपण म्हण." ताई हसली. "तुम्ही म्हणा. मी बिघडवेन." दोन दिवसांनी ती गेली.

आता मावशी येईल त्याला गायकवृंदात घेतात. पाळक कधीमधी कुरकुरतात. मावशी ऐकत नाहीत.

"लोक म्हणतात, चर्च मी उभं केलं," त्या मला म्हणाल्या. "मी नुसती खोली दिली रे. माणसं तिनं बोलती केली."