चार्जरला मारलेली गाठ

समस्त लॅपटॉपधारक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर कळविण्यात येते की, खालील मजकूर वाचण्यापूर्वी आपापला लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून बसावे. गाडीत असाल तर पट्टा मनगटाला गुंडाळावा. आणि बस लागली असेल तर... जाऊ दे, बसचं पुढे येईलच.

धरलात? मग ऐका.

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. बेळगावात शहापूरला माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लोकांच्या मंगळाला चहा पाजून वाटेला लावलं, तो भुताखेतांना काय भीक घालणार? आमच्याकडे भीती एकाच गोष्टीची असते. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात जाण्याची. कोणाचं आधी ठरून मोडलं, कोणाला कसलं औषध चालू आहे, कोण कोणापासून लपून राहतंय... हे सगळं लोक आम्हाला सांगतात, कारण आमच्या पोटातून ते बाहेर जात नाही.

हल्ली ते पोटात नसतं, लॅपटॉपमध्ये असतं. एवढाच काय तो फरक.

माझ्या लॅपटॉपची व्यवस्था चोख होती. दर खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू, फूल, वर नारळ. कुंकू इतकं श्रद्धेनं वाहिलेलं की दोन-तीन बटणं कायमची लाल झाली आहेत. पासवर्ड अवघड ठेवला होता आणि अवघड असल्यामुळे तो लक्षात राहत नव्हता, म्हणून झाकण उघडलं की समोरच दिसेल असा कागदावर लिहून चिकटवला होता. खाली लाल शाईने सूचना – ‘कोणालाही सांगू नये.’

हसू नका. त्या दिवशी मी हसत नव्हतो.

त्या लॅपटॉपमध्ये सुमनचा पत्ता होता. हे तिचं खरं नाव नाही. निपाणीकडची मुलगी. पहिल्या नवऱ्याने हात मोडला, कोर्टात रीतसर काडीमोड झाला, तरी तो पाठ सोडेना. ‘सापडली की बघतो,’ असं गावभर सांगत फिरायचा. म्हणून तिच्या मामाने तिला कणकुंबीला, पार गोव्याच्या हद्दीजवळच्या जंगलात, आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. खानापूरकडचं एक चांगलं स्थळ सगळं ऐकूनही तयार झालं होतं. जमवलं मी. त्यामुळे मामाच्या घराबाहेर तिचा ठावठिकाणा फक्त मला ठाऊक होता. मामा जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाला होता, “अण्णा, तुमच्यावर सोडलंय बघा.”

त्या सकाळी मी कामासाठी निपाणीला गेलो होतो. परतीच्या बसची वाट बघत स्टँडच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो आणि तो समोर येऊन बसला. सुमनचा पहिला नवरा. फोटोत बघितलेला, त्यामुळे लगेच ओळखला. उजव्या भुवईत मोठी खोक.

“अण्णा, तिचा पत्ता तेवढा द्या. माझी बायको हाय ती.”

“होती,” मी म्हणालो.

“मग तुमच्याकडं पत्ता न्हाय म्हणता?”

‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण कँटीन भरलेली होती, आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले होते, आणि मला प्रेक्षक दिसले की माझं काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. मी उभा राहिलो. खांद्यावरच्या बॅगेवर थाप मारली.

“आहे! पत्ता आहे, सगळं ह्यात आहे! खरं ही बॅग ह्या खांद्यावरून उतरायची असेल तर आधी मला आडवा करावा लागेल!”

टाळ्याच पडायच्या बाकी होत्या. तो बॅगेकडे बघत राहिला, मग हसला. जाताना माझ्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. मला वाटलं, ओशाळला.

मग बेळगावची बस लागली. आता आमच्याकडे बस लागली की काय करतात हे तुम्हाला सांगायला नको. दारात झुंबड, आत जागा नाही, मग खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते सीटवर टाकायचं. जागा आपली. सगळे टाकत होते. मीही टाकलं.

हो. बॅगच टाकली. जी खांद्यावरून उतरणार नव्हती ती.

धक्के खात आत पोचलो तर माझ्या सीटवर एक बाई ऐसपैस बसलेली.

“इथं बॅग होती,” मी म्हणालो.

“इथं मी हाय,” ती म्हणाली. “बॅग तुमच्या माणसानं घेतली की! भुवईत खोक असलेल्या. ‘अण्णांची हाय, देतो’ म्हणून खिडकीतनंच वढून घेतली.”

लोक हो, पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही होत नाही. जमीन तिथेच असते. आपल्यालाच पाय राहत नाहीत.

पोलिसांत गेलो. त्यांनी समजुतीने ऐकून घेतलं, तक्रार कन्नडमधून लिहून घेतली आणि लॅपटॉपचा नंबर विचारला. नंबर बिलावर. बिलाचा फोटो लॅपटॉपमध्ये. पुण्यातल्या मुलीला फोन लावला. ती कॉम्प्युटरमधली आहे.

“पप्पा, डिस्क एन्क्रिप्ट केली होती का?”

“म्हणजे?”

“बरं, लांबून लॉक करायची सोय चालू केली होती? मी दिवाळीत सांगितलं होतं बघा.”

“दिवाळीत फराळ चालू होता गं...”

“बॅकअप तरी?”

“पेन ड्राइव्हवर आहे.”

“वा! आणि पेन ड्राइव्ह?”

“बॅगेत.”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “पप्पा, पासवर्ड स्ट्राँग आहे ना पण?” मी फोन ठेवला.

कणकुंबीला फोन लावला. लागला नाही. तिथे रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. पुन्हा लावला. पुन्हा. मोटरसायकलवरून निघालेला माणूस किती वेळात तिथे पोचेल याचा हिशोब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि थांबेना. झाकण उघडायचं, समोरचा कागद वाचायचा, बस्स. माझ्या अक्षरातला, लाल सूचनेसह. मी स्टँडच्या पायऱ्यांवर बसून, पन्नाशी उलटलेला माणूस, सगळ्यांसमोर रडलो. आणि त्या वेळी कोण बघतंय याच्याकडे माझं अजिबात लक्ष नव्हतं. यावरून काय ते ओळखा.

शेवटी घरी बायकोला, शोभाला, फोन केला. मामाच्या गावी लगेच माणूस पाठव म्हटलं. तिने शेजारच्या गाडीवाल्याला पिटाळलं. आणि मग ती मला न सांगता वडगावला माझ्या आक्काकडे गेली.

आक्का माझी थोरली बहीण. वडगावात आजूबाजूला सगळे पॉवरलूम खडखडत असताना ही अजून हातमागावर साड्या विणते. आमच्या विणकराच्या घरात जुनी रीत – वस्तू हरवली की तिची जोडीची वस्तू घ्यायची, मागावरच्या चालू धाग्याने बांधायची, गाठ मारायची आणि मागावर ठेवून द्यायची. हरवलेली वस्तू परत येईतो ती गाठ कोणी सोडायची नाही. आई करायची. मी आईलाही हसायचो.

अर्ध्या तासाने शोभाचा फोन आला. मागून आक्काचा आवाज.

“बाळू, त्या डब्याची जोडीची वस्तू कुठली रं? घरात काय ऱ्हायलंय?”

“आक्का, माझा जीव जायची वेळ आलीय आणि तू...”

“जीव नंतर जाऊ दे. जोडीचं काय ते सांग.”

“चार्जर,” मी म्हणालो. तेवढं एक घरी राहिलं होतं.

“हां. शोभानं आणलाय. लांबडी दोरी हाय तीच नव्हं?”

तिने चार्जरवर चिंतामणी रंगाचा रेशमाचा धागा गुंडाळला, वेढ्यावर वेढे, आणि गाठ मारली. हे शोभाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शोभाचाही माझ्यासारखाच विश्वास नाही. पण माझा फोनवरचा आवाज ऐकल्यावर ती कशालाही हात जोडायला तयार होती, असं ती नंतर म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“त्ये लग्न जमवणारं अण्णा तुमीच काय? बॅगवर तुमचं कार्ड हाय. कोगनोळीच्या नाक्यापुढं माझं चहाचं हाटेल हाय, या लवकर. आणि मला ही वस्तू इथं नको बघा.”

मिळेल त्या टेम्पोत बसून गेलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची टपरी. मालकीण, वयस्क बाई, बाकड्यापासून चार हात लांब उभी होती. बाकड्यावर माझा लॅपटॉप. बंद. आणि त्याच्याभोवती चिंतामणी रंगाचा एकच एक धागा, वेढ्यावर वेढे.

“दोघं जण आलते,” मालकीण सांगू लागली. “लई खुशीत. चहा सांगितला, बॅग उघडली, आणि ह्ये बाहीर काढलं तर त्याला दोरा. वढून तोडाय गेले, तुटंना. माझी कांदा चिरायची सुरी घेतली. ही बघा.”

सुरीचं पातं वाकलं होतं.

“मग एकानं लायटर लावला. ह्येची वरची पाटी काळी झाली, दोऱ्याला काय न्हाय. दुसरा पिसाळला, भुवईत खोक असलेला. दोऱ्यात बोट घालून वढलं त्यानं. आणि बोट कापलं की हो! रगत थांबंना. ‘ह्ये कुणी बांधलं, कुणी बांधलं’ म्हणून वराडत हुता. टाकून पळाले दोघंबी, कोल्हापूरच्या बाजूला.”

“बॅगेत आधीपासून दोरा होता, असं काही...”

“मला काय विचारतासा? तुमची बॅग.”

झाकणावर वाळलेलं रक्त होतं. शेजारी जळल्याचा डाग, प्लास्टिक वितळलेलं. त्या डागावरून जाणारा धागा मात्र आत्ता कांडीवरून काढल्यासारखा चकाकत होता. मी गाठीकडे बघितलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला. आक्का डावखुरी आहे. तिची गाठ सगळ्यांच्या उलट बसते. लहानपणापासून बघितलेली.

बॅगेत पेन ड्राइव्ह आहे ना ते बघून घेतलं, होता, आणि लॅपटॉप तसाच पोटाशी धरून वडगावला गेलो. शोभा दारातच होती. कणकुंबीला पाठवलेला गाडीवाला पोचला होता, सुमनला घेऊन मामा दुसरीकडे निघालाही होता, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि ती मागे सरकली. आक्काने धागा बोटाने चाचपला.

“पीळ माझाच हाय,” एवढंच म्हणाली.

आम्ही मागाकडे गेलो. खोलीला कडी होती. मागावर चार्जर जिथे ठेवला होता तिथेच होता. उघडा. त्याच्यावर धागा नव्हता. काळ्या रबरावर वेढ्यांचे वळ मात्र उठले होते, दोरी घट्ट बांधली की मनगटावर उठतात तसे. आक्काने लॅपटॉपची गाठ एका झटक्यात सोडवली. नंतर मी त्याच धाग्याचा तुकडा घरच्या साध्या कात्रीने कापून बघितला. कच्चकन तुटला.

मुलगी म्हणते, पप्पा, आक्काकडे येता-जाता एखादा धागा बॅगेत गेला असेल, गुंडाळला गेला असेल. असेल. गाठ कशी बसली? आणि उलटी कशी बसली? आता डिस्क एन्क्रिप्ट केली आहे, चिकटवलेला कागद जाळला आहे, लांबून लॉक करायची सोयही चालू आहे. सुमनचं लग्न साधेपणाने झालं. तिचा आताचा पत्ता कुठल्याही लॅपटॉपमध्ये नाही आणि मलाही तो माहीत करून घ्यायचा नाही. हे सगळं समजावून सांगता येतं. वाकलेली सुरी येत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलंच. गाठ सोडवून आक्का धागा कांडीला परत गुंडाळत होती, तेव्हा शोभाने सरळच विचारलं, “अहो, पण पत्ता बॅगेतच आहे, हे त्या माणसाला कळलं कसं?”

मी कँटीनमधला प्रसंग सांगितला. बॅगेवर थाप कशी मारली तेही, थोडं करून दाखवलं.

आक्काचा हात थांबला. तिने कांडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शोभाकडे वळून एकदम म्हणाली –

“अगं बाई, मग मी उगंच चार्जरवर धागा घालवला की! ह्याच्या तोंडालाच गाठ मारायची हुती!”