दाताच्या डॉक्टरांनी बुजवलेली ढोली

आमचे भावोजी दातांचे डॉक्टर. पन्नाशीत दवाखान्याला कुलूप ठोकून ते बागेत झाडांची निगा राखायला लागले. कारण काय, तर म्हणे झाड विव्हळत नाही. ताई म्हणाली, "पळताही येत नाही बिचाऱ्याला."

पहिल्याच आठवड्यात त्यांना एका जुन्या बुंध्यात ढोली दिसली. हात शिवशिवले. त्यांनी ती खरवडली, धुतली आणि सिमेंटने गच्च भरून टाकली.

म्हाताऱ्या माळीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, तिथं पोपटांचं बिऱ्हाड आहे. संध्याकाळी परत आले की काय सांगणार? फोडा आता."

भावोजी अंधार पडेपर्यंत छिन्नी मारत बसले. वरच्या फांदीवर पोपट ओळीनं बसून त्यांचा उद्धार करत होते. 'आ करा' म्हणून कुणालाच सांगावं लागत नव्हतं.