फाइलमधला नंबर

तुझा चष्मा माझ्या हातून फुटला, हे तू तुझ्या आईला सांगितलं नाहीस. म्हणून मीच लिहून ठेवते. धाकटीला मराठी वाचायला जड जातं, तिला तू वाचून दाखव.

गेल्या जुलैत तुम्ही दोघी कॅनडाहून अठरा दिवसांसाठी सोलापूरला आलात, तब्बल तीन वर्षांनी. आई तिकडेच होती आणि बाबा तुम्हाला सोडून कामासाठी पुण्याला गेले होते. पहाटे उठून पांघरुणं झटकून घडी करायची, ही माझी जुनी सवय. नवव्या दिवशी तुझी चादर गॅलरीच्या कठड्यावरून झटकली, तर तिच्यात अडकलेला चष्मा थेट खालच्या फरशीवर. एक भिंग फुटलं, काडी तुटली. मला वाटलं, पंधरा वर्षांची पोर, आता रडेल. तू म्हणालीस, "असू दे, आजी." धाकटी मात्र लगेच पुढे आली.

"ताई, ही किती बोटं?"

"तुला मारायला माझी पाच पुरेशी आहेत."

वीतभराच्या पलीकडे तुला सगळं पुसट होतं. नऊ दिवस उरले होते आणि माझी यादी अर्धीसुद्धा झाली नव्हती. तलावावरचे पक्षी, किल्ल्याचा बुरूज, मी जिथे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं ती शाळा. तीन वर्षं मी ही यादी करत होते. आणि जिला दाखवायचं तिलाच दिसत नव्हतं.

चौकातल्या चष्मेवाल्याने फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "असली फ्रेम हितं न्हाय मिळायची, बाई. पातळ काचंला बी आठ दिवस लागत्यात. डोळं तेवढं तपासून घ्या की, पाच मिनिटांचं काम हाय."

"तपासलेले आहेत," मी म्हणाले. "घरी फाइलमध्ये कागद आहे."

मग घरी येऊन ऑनलाइन मागवायचं ठरलं. अटी आणि नियम मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, तेव्हा तू कपाळावर हात मारलास.

"आजी, ते कोणीच वाचत नाही. नुसतं टिक करायचं."

"कबूल करण्याआधी वाचायचं असतं."

पुढे दोन बुबुळांमधलं अंतर मागितलं होतं. मी देवघराशेजारच्या कपाटातून लाकडी पट्टी आणली आणि तुझ्या नाकावर आडवी धरली. तू हसून हसून हलत होतीस. मी दटावल्यावर तू समोर पाहिलंस आणि क्षणभर मी आकडाच विसरले. तुझ्या डोळ्यांत इतक्या जवळून मी कधी पाहिलं होतं? तू दोन महिन्यांची असताना, काजळ घालताना. डाव्या बुबुळात एक पिंगट ठिपका आहे तुझ्या. तुझ्या आजोबांनाही होता. फोनवर तो दिसत नाही. अंतर साठ मिलिमीटर भरलं. मी तीनदा मोजलं. खरं सांगायचं तर, एकदाच पुरलं असतं.

नंबर मी फाइलमधून भरला. तू विचारलंस, "आजी, आईला विचारू का?" मी म्हणाले, "तिकडे आता रात्र आहे, तिला कशाला उठवतेस? माझ्याकडे लिहिलेलं आहे." माझ्या फायलीत आजवर कागद चुकलेला नाही, हा माझा ताठा.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. देणारा मुलगा खूश होता. "आजी, पत्ता लई झकास लिवलाय. कुटं इचारावं लागलं न्हाय." तू चष्मा लावलास आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंस. मग दोन पावलं पुढे गेलीस. मग आणखी दोन.

"आजी, तो कागद दे बरं."

मी फाइल दिली. तू वरची तारीख वाचलीस आणि हळूच म्हणालीस, "हा मागच्या वेळचा आहे. मी सातवीत जाणार होते तेव्हाचा. आता नंबर दुप्पट झालाय."

तीन वर्षांपूर्वी इथेच तुझे डोळे तपासले होते आपण. कागद मी तेव्हापासून जपून ठेवला होता. त्या तीन वर्षांत तुझे डोळे बदलत राहिले आणि मला फाइलमधली बारा वर्षांचीच नात ठाऊक होती.

नव्याने मागवायला वेळ नव्हता. "तिकडे घरी दुसरा आहे गं," म्हणत तू उरलेले दिवस तोच चष्मा लावलास. तलावावर धाकटी पक्षी ओळखून सांगायची आणि तू मान डोलवायचीस. शाळेच्या फाटकाशी तू पाटीवर हात फिरवून अक्षरं वाचलीस.

निघताना, पुण्याहून न्यायला आलेल्या बाबांनी सामान डिकीत ठेवलं. मी पायरीवर उभी होते. तू गाडीची काच खाली केलीस आणि हाक मारलीस, "आजी, तिथे नको उभी राहू. हातभर अंतरावर ये."

मी खिडकीत वाकले. तू माझ्याकडे पाहत राहिलीस, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जणू तुलाही काही मोजायचं होतं.

"आता दिसतेस," म्हणालीस.

गाडी हलली. चार पावलांवरच मी तुला पुसट झाले असणार. तरी तुझा हात गल्लीच्या वळणापर्यंत बाहेर होता. मला तो शेवटपर्यंत स्वच्छ दिसला. माझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे.