वडिलांची डुलकी

वडिलांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे आमचा जुना ट्रक आणि दुसरी म्हणजे स्टिअरिंगवर आजवर डुलकी लागली नाही ही. पिंपळगावचे व्यापारी द्राक्षांसारखा नाजूक माल त्यांच्याच हाती द्यायचे, ते त्यामुळेच.

ट्रकच्या इंजिनचा जोर त्यांनी गॅरेजात वाढवून घेतला होता. पण धुराचा सेन्सर हात धुऊन मागे लागला. धूर साफ करायचं युरियाचं पाणी त्याला पटलं नाही, की डॅशबोर्डवर दिवा, बझरची पिरपिर, आणि भर चढावर गाडी मरतुकड्या बैलासारखी चालायची.

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळचे मिस्तरी वडिलांचे जुने दोस्त. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी डबी बसवली. सगळं ठीक आहे, असं ती इंजिनला सांगत राहायची. काम बेकायदा, पण तिथे ते पंक्चर काढावं तसं राजरोस चालायचं. तरी बझर अधूनमधून वाजायचाच.

"ही कटकटच काढून टाक," वडील म्हणाले.

"भाऊ, ब्रेकची हवा कमी झाली तरी हाच वाजतो. राहू द्या ना."

"हवेचा काटा हाय ना समोर. मला डोळे नाय का?"

चाचांनी नाइलाजाने बझर काढला. डोळे वडिलांना होतेच. पण घाट उतरताना माणूस रस्त्याकडे बघतो, काट्याकडे नाही. पेठ रस्त्यावरच्या घाटात हवेचा पाइप फुटला आणि हवा गळत राहिली. हवा संपली की ट्रकचे ब्रेक आपोआप आवळतात; वळणावर मागची चाकं एकदम जाम झाली आणि कांद्यासकट ट्रक आडवा झाला. वडिलांची कंबर मोडली.

दवाखान्यात चाचा खाटेशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. "मी पोलिसांना सगळं सांगतो," म्हणाले.

"तू काय बी सांगायचं नाय," वडील म्हणाले. "तुझं गॅरेज बंद पडंल, अन् विम्याचं बी जाईल."

विम्याचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. अपघात कसा झाला, असं त्याने विचारलं. वडिलांनी छताकडे बघत सांगितलं, "डुलकी लागली, साहेब." त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. ड्रायव्हर झोपला म्हटल्यावर डॅशबोर्डखाली वाकून कोण बघतो? मला संताप आला. त्या माणसाचा, चाचांचा आणि सगळ्यात जास्त वडिलांचा.

ट्रक भंगारात गेला आणि विम्याचे पैसे दवाखान्यात. कंबर बरी झाल्यावर वडील कुणाच्या तरी गाडीवर काम बघायला पिंपळगावला निघाले. मी त्यांना स्कूटरवर नेलं. ज्या व्यापाऱ्याची द्राक्षं त्यांनी वर्षानुवर्षं पोचवली, त्यानेच चहा पाजला, तब्येत विचारली, आणि हसत म्हणाला, "काका, लय गाडी चालवली. आता घरी निवांत झोपा."

मी तोंड उघडणार, तोच वडिलांनी माझा हात दाबला. "बरं," एवढंच म्हणाले.

परतताना स्कूटर मी चालवत होते. मागे बसून ते एकेक खड्डा मला आधीच सांगत होते, पार नाशिकपर्यंत.