शालीतला खळगा

"मेण खचलं म्हणून सांग ना. मेण खचतंच की!"

"खचलं नाही, उपेंद्र. मी भरलं. या हातांनी."

"हे कुणाला माहितीये? तो डेक्लन, तुझा मालक, त्यालाही नाही. 'ग्रँड, ग्रँड' म्हणत त्याने ओतून टाकलं."

"जिने मूर्ती घडवली, तिला कळलं. फोटो बघितल्या बघितल्या म्हणाली, माझ्या बाईच्या शालीत हे काय ठेवलंत?"

इरावती नागपूरची. शिल्पकला शिकायला आयर्लंडला आली आणि शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या ओतशाळेत टिकली. साच्यातून निघालेल्या मेणाच्या प्रतीवरचे फुगे बुजवायचे, शिवणी घासायच्या. मग मेण वितळवून त्याच्या जागी ब्राँझ ओतायचं. तीन वर्षांत कुठल्याच मूर्तीवर तिचा हात दिसला नव्हता. तेच तर कसब!

मार्च २०२१मध्ये मेक्सिकोहून एका शिल्पकार बाईंचा साचा आला. इथल्याच ट्रली गावातल्या एका बागेसाठी. अनवाणी, जाड पावलांची म्हातारी भुईवर बसलेली, दोन्ही हातांनी मांडीवर शाल पसरलेली. शालीत खळगा, तान्हं मूल मावेल एवढा. तिकडे बेपत्ता झालेल्यांच्या आया माळरानं उकरत हाडं शोधतात. तो खळगा म्हणजे न सापडलेलं लेकरू. सोबतच्या कागदावर हे लिहिलं होतं, इरावतीने वाचलंही होतं. तरी तिने त्यात मेण भरलं. नारळाएवढं, गोल.

"पदर पसरून बसलेल्या बाईला रिकामं उठवतात का रे?"

"मेक्सिकन आहे ती, इरा! तिला काय घेणं तुझ्या ओटीशी?"

"हात थांबला नाही."

"आणि हे तू चार वाजताच्या कॉलवर त्या शिल्पकार बाईंना सांगणार? नोकरी जाईल. लॉकडाउनमध्ये दुसरी ओतशाळा कुठे उघडीये?"

"कापून काढावं लागेलच ते. पण का केलं, ते आधी तिला सांगायला हवं."

उपेंद्रने लॅपटॉप मिटला. गेल्या नोव्हेंबरात इस्पितळात नवऱ्यांना आत सोडत नव्हते. पाचव्या महिन्यात इरावती एकटी आत गेली आणि एकटीच बाहेर आली. तो सहा तास पार्किंगमध्ये, गाडीत. त्या दिवसाबद्दल दोघं एकदाही बोलले नव्हते.

"का केलं ते मी सांगतो. तुझी ओटी रिकामी राहिली, म्हणून तू तिची भरलीस. मला कधी सांगितलं नाहीस, इरा. तिला सांगणार?"

इरावतीने जॅकेट चढवलं, फोन खिशात टाकला आणि चारचा कॉल एकटीनेच घ्यायला दार लोटून बाहेर पडली.