अस्सल बेष्ट

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असा आमच्या घरचा नियम होता. वडील यवतमाळला एका वकिलाकडे कारकून. त्यांच्या मते मी रस्त्यात एक साप पाहिला की घरी पोचेपर्यंत त्याचे सात होत आणि त्यातल्या एकाला तरी शिंगं फुटत. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या सवयीनंच ओढवून आणलं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या नवीन प्रेसघराचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथं देखरेखीचा कारकून होतो. एकाच छपराखाली तीन ठेकेदारांची माणसं. गवंडी आणि त्यांच्या हाताखाली जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया, कोपऱ्यात सुतार, आणि मधोमध बॉयलर बसवणारे फिटर. गर्दी एवढी, की शिंकायचं झालं तर शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागे.

एके दिवशी बॉयलरच्या सामानाबरोबर काही गोण्या आल्या. एक फाटली होती आणि आतून पांढरंफेक, लांब तंतूंचं काहीतरी डोकावत होतं. तांड्यातल्या बायांची एक म्होरकी होती. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिनं चिमूटभर ओढून बोटांत ताणलं. या बाया नुसत्या बोटांनी कापसाचं गाव सांगत, आणि मला विचाराल तर शेतकऱ्याचं नावसुद्धा.

"सरकी नाही, कचरा नाही," ती म्हणाली. "धागा त भलताच लांब हाये. बाबू, वाच बरं, कोणता कापूस हाये हा?"

गोणीवर इंग्रजी अक्षरं छापलेली. मी मॅट्रिक पास. अक्षरं लावली: ॲसबेस्टॉस. अर्थ ठाऊक नव्हता, पण 'ठाऊक नाही' म्हणणारी जीभ मला मिळालेलीच नव्हती.

"अस्सल बेष्ट," मी म्हणालो. "कापसाची सगळ्यात वरची जात."

एका फिटरनं फक्त एवढंच सांगितलं, की हे जळत नाही, म्हणून बॉयलरवर याचा लेप देतात. झालं, मी सुटलो. हा कापूस आफ्रिकेत दगडाच्या बोंडात पिकतो, वेचायला सुरुंग लावावा लागतो, तिथल्या राजाचं धोतर याचंच असतं आणि धुवायच्या ऐवजी ते चुलीत टाकतात. लगेच एक पुंजका चहाच्या शेगडीत टाकून दाखवला. निखाऱ्यांतून तो जसाच्या तसा पांढरा निघाला. त्या दिवशी माझा जेवढा मान झाला तेवढा पुढं माझ्या लग्नातही झाला नाही.

मग पंधरा दिवस बाया ते अस्सल बेष्ट कोरडंच हातानं पिंजत होत्या आणि पाणी घालून पायानं तुडवत होत्या. फिटर तो लेप थापत होते. सगळीकडे पांढरी धूळ. पण दिग्रसात पापण्यांवर पांढरं बसलं तर दखल कोण घेणार? हंगामात तिथल्या म्हशीसुद्धा पापण्या झटकत रवंथ करत.

पंधरवड्यानं नागपूरहून एक म्हातारा मिस्त्री बॉयलर तपासायला आला. तो दारातच थांबला, खांद्यावरचा रुमाल पाण्याच्या टाकीत बुडवला आणि तोंडाला बांधला.

"मिस्त्री, बॉयलर पेटवला कुठं अजून? धूर कायचा?" मी हसत म्हणालो.

"धुराचं भेव कोणाले हाये, बाबू. धूर निंगून जाते. हे निंगत नाही." त्यानं मला बाजूला घेतलं. मुंबईच्या गोदीत त्याचा एक जोडीदार नळांना हेच गुंडाळायचा. "पैलवान गडी. वीस वर्सांनी चार पायऱ्या चढला का दम खाऊन राह्यला. छातीत बसलं का उठत नाही हे. कोरडं कोणी पिंजलं?"

मी बायांकडे बोट केलं आणि विचारलं,

"त्याइले होईनच का काही?"

"होईन, नाही होईन. कोणाले होईन ते आधी समजत नाही. हेच त वाईट हाये."

उरलेला माल ओला करून झाकायला सांगून तो कामाला लागला. मी मात्र जागीच उभा होतो. छाती दाबून पाहिली, खोकून पाहिलं. बारा गावचं खोटं पचवलेली ती छाती, पण त्या दिवशी प्रत्येक श्वास मोजून घेत होतो.

तिन्ही ठेकेदारांना गाठलं. फिटरांचा म्हणाला, माल माझा, बाया माझ्या नाहीत. गवंड्यांचा म्हणाला, बाया माझ्या, माल माझा नाही. सुतारांचा म्हणाला, दोन्ही माझं नाही, पण धूळ माझ्या लाकडावर बसून राह्यली, ती कोण झाडते? ती धूळ कोणाच्याच मालकीची निघाली नाही.

गोण्या झाकायला गेलो तर अजून कामाला न घेतलेली एक गोणी अर्धी रिकामी. मग माझा तपास सुरू झाला. एका गवंड्यानं न संपणारी वात करून देवापुढं लावली होती. एकीनं चुलीचं भोक बुजवलं होतं. कायले नेलं विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: "तुम्हीच त सांगतलं, राजाचं धोतर." चोराचा माग काढत निघालो आणि दर वेळी माझ्याच दारात पोचलो. शेवटी एक बाई हसत म्हणाली, "बाकी याडीनं नेलं. पोरगी बाळंत झाली ना तिची. नातवाले गादी शिवली."

मागच्या उन्हाळ्यात तांड्यातल्या झोपड्या जळाल्या होत्या, त्यात याडीचीही होती. नातवाला न जळणारी गादी हवी, हे तिच्या डोक्यात कुठून आलं असेल ते कोणी सांगायची गरज नव्हती.

सायकल काढली आणि भर दुपारी तांड्यावर गेलो. एरवी म्हणालो असतो की चाकांतून ठिणग्या उडत होत्या. खरं म्हणजे चढावर उतरून ढकलावी लागली, आणि दम लागला तेव्हा थांबून पुन्हा छाती दाबून पाहिली. पाळण्यात ते सहा-सात दिवसांचं पोर त्या गादीवर गाढ झोपलं होतं.

"याडी, ते काढ खालून. ते छातीत जाते, माणूस मारते."

ती ओढणी तोंडाला लावून हसली. "काल राजा नेसत होता, आज माणूस मारून राह्यलं. उद्या का करन, उडन?"

"खरंच सांगतो."

"खरंच त तू रोजच सांगत असते, भिया." भिया म्हणजे भाऊ.

मी मुंबईचा जोडीदार सांगितला, चार पायऱ्या सांगितल्या. जसजसं सांगत गेलो तसतशी आतून बाळंतीणही हसायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मीठमिरची न लावता बोलत होतो आणि पहिल्यांदाच माझ्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. पोरानं झोपेत मान वळवली. गादीच्या शिवणीतून एक पांढरा तंतू त्याच्या गालाला लागला.

"मले वाचता नाही आलं," मी म्हणालो.

ती थांबली. "काय?"

"गोणीवर अस्सल बेष्ट नव्हतं लिहिलेलं. काय होतं ते मले समजलं नाही. लाज वाटली म्हणून ठोकून दिलं. तो कापूस नाही. काय हाये तेच मले माहीत नाही."

तिनं तोंडावरची ओढणी खाली घेतली. आपल्याला वाचता येत नाही असं सांगणारा कारकून तिनं कधी पाहिला नसावा. मग तिनं पोराला उचलून मुलीकडे दिलं. गादी तशीच, न उसवता घागरभर पाण्यानं भिजवली आणि आम्ही दोघांनी ती तांड्याबाहेर खोल खड्ड्यात पुरली. माती लोटता लोटता तिनं विचारलं, "अन् आमी पंधरा दिवस पिंजलं त्याचं का?"

"तेही माहीत नाही."

तिनं यावरही विश्वास ठेवला.

त्यानंतर बरीच वर्षं ती दिग्रसच्या बाजारात भेटत राहिली, बोट धरून नातू. मला पाहिलं की मुद्दाम दोनदा खोकायची, माझा चेहरा पाहून पोटभर हसायची आणि पुढं निघायची. मीही हसायचो. पण ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहून कान देत असे, तिसऱ्यांदा तर खोकली नाही ना म्हणून.