मधली भिंत एकच बांधायची

नाही म्हणजे नाही. भाईंनी जागेच्या मधोमध दगडांचा गडगा घालायचा विचार डोक्यातून काढावा... मी चौथीत शाळा सोडली म्हणून माझा शब्द हलका होत नाही. दोस्तांनो, हे पत्र हॉटेलात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. भाई तिथेच कोपऱ्यात चहा पीत असतील. ऐकू देत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अब्बांनी अल्लाघरी जाण्याआधी खाडीजवळ घरासाठी जागा घेतली होती. आता माझे थोरले भाई म्हणतात, बरोबर मधून गडगा घालू, अलीकडे मी बांधतो, पलीकडे तू परत आलास की तुझं तू बघ.

आणि अम्मी? ती भाईंकडे राहणार, मग मला कालवणाचं वाडगं द्यायचं तर म्हातारीनं रस्त्यानं वळसा घालून यायचं? पण एकत्र घर म्हटलं की भाईंना दोन जावांची भांडणं दिसतात. माझं अजून लग्नही नाही, तरी दिसतात...

तर परवा इथे अरबांच्या मुलखात एक गोष्ट घडली.

अहमदीला तेलाच्या कंपनीच्या बंगल्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दोन दिवस धुळीचं वादळ झालं आणि एका गोऱ्या इंजिनिअर साहेबाची खिडकी चौकटीत घट्ट अडकली. साहेब पूर्वी कराचीला होता, मोडकंतोडकं हिंदी बोलतो.

खिडकीशेजारी भिंतीवर एक फोटो होता. लांबच लांब दगडी इमारत, सपाट, अंगावर नक्षी नाही की काही नाही. पण खिडक्या अशा रांगेत, जणू दोरी धरून लावलेल्या. मी विचारलं, हा कुठल्या नवाबाचा राजवाडा?

साहेबानं हसून कप खाली ठेवला. म्हणाला, राजवाडा नाही, माझी गल्ली आहे. तिकडे विलायतेत एकामागून एक जॉर्ज नावाचे राजे झाले, त्या काळातली, दोनशे वर्षांची. आणि हे एक घर नाही, बारा आहेत. बारा कुटुंबं राहतात.

मला खरं वाटेना. त्यानं भिंग दिलं, मी दारं मोजली... बाराच. प्रत्येक दारावर पंख्यासारखी अर्धगोल काच, म्हणजे दार बंद असलं तरी आत उजेड. खालून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, त्यावरच्या लहान, त्याच्यावरच्या अजून लहान. त्यामुळे घर आहे त्याहून उंच दिसतं. सुताराच्या पोटचा मी, पण ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती.

मग मी माझ्या कामाचं विचारलं. दोन घरांच्या मध्ये भिंती किती? साहेब म्हणाला, एक. हद्द भिंतीच्या बरोबर पोटातून जाते, एकट्याला ती पाडता येत नाही. पुढची बाजू सगळ्यांनी एका नकाशावर बांधायची, मागे मात्र ज्याचं त्यानं हवं तसं वाढवायचं. फोटोत दिसत नाही, पण मागून बारा घरांची बारा तोंडं आहेत म्हणे.

मी खिडकी तशीच धरून उभा राहिलो. भाईंचं आणि माझं भांडण त्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी मिटवून ठेवलं होतं...

संध्याकाळी कॅम्पवर कासम मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री दापोलीकडचे, गवंडीकामात केस पिकलेले. ते म्हणाले, "अरे, मग ती चाळच झाली की. समुद्र ओलांडून चाळ बघायला आलास होय?" सगळी खोली हसली.

मी गप्प बसलो नाही. चाळीत गॅलरी एक, नळ एक, संडास एक. इथे ज्याचं दार त्याचं, जिना त्याचा, चूल त्याची. सामाईक काय, तर एक भिंत. मी सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून तिथेच नकाशा काढला.

नकाशात मी छप्पर फोटोसारखंच पुढच्या भिंतीआड लपवलं होतं. मिस्त्रींनी बोट ठेवून विचारलं, जुलैचं पाणी कुठून जाणार, तुझ्या डोक्यावरून? चूक माझीच, कबूल करतो. आता उतरती कौलं आणि पुढे दोन्ही घरांना मिळून एकच लांब पडवी. पण खिडक्यांचं मी ऐकणार नाही. खाली उंच, माडीवर लहान, तशाच होणार.

मग मिस्त्रींचं हसू थांबलं. म्हणाले, "पाया कुणाच्या हिश्शात?"

मी म्हटलं, दोघांच्या.

त्यांनी कानावरची पेन्सिल घेतली. "मग जांभ्या दगडाचा चिरा आडवा टाक. अर्धा तुझ्या खोलीत, अर्धा भावाच्या. वेगळं व्हायचं म्हटलं तर चिरे फोडावे लागतील... आणि मग दोन्ही घरं खाली बसतील."

मिस्त्रींच्या आणि त्यांच्या भावाच्या मध्ये गडगा आहे, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाया किती खोल घ्यायचा ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तेव्हा भाई, गडग्यासाठी दगड आणून टाकले असतील तर तेच पायाच्या चरात भरा. मागच्या बाजूला गोठा बांधा, विहीर खणा, मी एक शब्द बोलणार नाही. पुढे दोन दारं आणि एक पडवी, म्हणजे अम्मी अनवाणी पायांनी इकडून तिकडे येईल. नकाशा सोबत आहे. त्यावरच्या पेन्सिलच्या रेघा मिस्त्रींच्या, त्यांचे उपकार विसरू नका.

भिंतीत अर्धा हिस्सा तुमचा, पण खर्च सगळा माझा. बोटीनं येणाऱ्या आपल्या माणसाच्या हाती पाठवतोय... रुपये तीनशे वीस.